वाचतेय ते सांगायला संकोच कशाला?

ताई, नमस्कार.

आम्ही सात-आठ मैत्रिणी महिन्यातून एकदा जमतो. सुरुवात ठरलेली असते. ‘सध्या काय वाचतेयस?’ असं विचारायचं आणि प्रत्येकीने दोन-चार मिनिटं बोलायचं. आधी मजा यायची. हल्ली माझा नंबर जवळ आला की घशाला कोरड पडते. बाकीच्या सातशे-सातशे पानांची पुस्तकं वाचतात, महिन्याला तीन-तीन संपवतात. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. एका जाडजूड चरित्राच्या साठाव्या पानावर मी दोन महिने अडकले आहे. एका रहस्यकथामालेतलं तिसरं पुस्तक चालू आहे, ते मात्र खाली ठेववत नाही. आणि रात्री आठ वर्षांच्या लेकीला एक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवते. त्यात एक म्हातारी आहे. ती रात्री दाराला कडी लावत नाही. का, तर वारा दिवसभर हिंडून दमलेला असतो, त्याला आत येऊन झोपता यावं म्हणून. ते वाचलं त्या रात्रीपासून लेक खिडकी किलकिली ठेवायला लावते आणि सकाळी उठली की पडद्याला हात लावून ‘गेला वाटतं’ म्हणते. पण हे काय सांगणार त्यांच्यात?

तीन महिन्यांपूर्वी मी चार वर्षांमागे वाचलेल्या एका गाजलेल्या कादंबरीचं नाव ठोकून दिलं. एकीने उत्साहाने विचारलं, ‘मग ती परत येते तो भाग आला का?’ मला काही केल्या आठवेना. ‘अजून नाही’ म्हटलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तो भाग सुरुवातीलाच आहे. त्यानंतर दोन वेळा कारणं सांगून गेले नाही.

आणखी एक. माझं अतिशय आवडतं पुस्तक बहिणीला दिलं होतं. चार महिन्यांनी परत आलं, ‘बरं आहे गं’ एवढ्यावर. तेव्हापासून कुणाला पुस्तक सुचवायचं म्हटलं की हात आखडतो. आता मी वाचायला काय घेऊ, म्हणजे मलाही चौघींत बोलता येईल?

— गप्प बसलेली वाचक

•

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. चरित्राबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंय आणि त्यात फक्त पान क्रमांक आहे. गाजलेल्या कादंबरीबद्दल तर काहीच नाही. आणि त्या म्हातारीबद्दल? कडी, वारा, खिडकी, पडदा, लेकीचा हात. कुणी विचारलेलं नसताना तुम्ही हे सगळं लिहून गेलात, आणि लगेच पुढे ‘पण हे काय सांगणार’ असं म्हणून झाकून टाकलंत. गेले दोन दिवस ती म्हातारी माझ्या डोक्यातून जात नाहीये. बोलता येण्यासाठी काय वाचू, असं तुम्ही विचारलंय. तुम्हाला बोलता येतं, मैत्रीण. माझ्याशी तुम्ही बोललात की.

अडचण मला वेगळीच दिसते. तुम्हाला विचारलेला प्रश्न एक आहे आणि तुम्ही उत्तर देताय दुसऱ्याच प्रश्नाचं. ‘सध्या काय वाचतेयस?’ यातलं क्रियापद बघा. वाचतेयस. काम अजून चालू आहे, पुस्तक अजून उघडं आहे. त्यात काय संपवलंस, किती संपवलंस, ते केवढं थोर होतं, यातलं काही विचारलेलं नाही. आत्ता तू कुठे आहेस, एवढंच विचारलंय. तुम्हाला मात्र त्यात गुणपत्रिकेची मागणी ऐकू येते आणि मग दाखवण्याजोगे गुण शोधायला तुम्ही चार वर्षं मागे जाता.

मला हा प्रश्न नीट विचारायला शिकवलं ते एका ग्रंथपाल बाईंनी. मी तेव्हा कॉलेजात होते. पुस्तकाची मुदत संपली होती आणि ते अर्धंच वाचून झालं होतं, म्हणून वाढवून घ्यायला गेले होते. मागचं पान उघडून त्यांनी तारखांच्या चिठ्ठीवर शिक्का मारला, शाई सुकायला पुस्तक तसंच उघडं धरलं आणि मला विचारलं, ‘कुठवर आलीस?’ कसं आहे, आवडलं का, असं त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं, त्यातला एक माणूस बायकोशी खोटं बोलतोय, आणि बोलताना शर्टाचं तुटलेलं बटण लावतोय, पण सुईत दोराच ओवलेला नाही, नुसती सुई खालीवर करतोय. मी तिथे आहे. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांनी मात्र खिशातून कागद काढला आणि मला पुस्तकाचं नाव विचारून लिहून घेतलं. मी त्यांना ‘जरूर वाचा’ म्हटलेलं नव्हतं. अर्ध्या पुस्तकाच्या जोरावर म्हणण्याचा अधिकारही नव्हता. त्यांना ती दोरा नसलेली सुई दिसली, एवढंच झालं.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयांसाठी पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. हे तिसरं सूत्र मला फार जवळचं आहे. त्यात पुस्तकाच्या बाजूने विचार केलेला आहे. कपाटात शांतपणे उभं असलेलं पुस्तक स्वतः जाऊन कुणाला गाठू शकत नाही. त्याला वाचकापर्यंत नेणारं कुणीतरी लागतं. कधी ते काम ग्रंथपाल करतो, आणि पुष्कळदा नुकतंच ते वाचत बसलेलं, त्यात गुंतलेलं एखादं माणूस करतं. लेकीच्या पुस्तकासाठी ते माणूस तुम्ही आहात, आणि तुमच्या सात मैत्रिणींपैकी निदान एकीला त्या म्हातारीची गरज असणार.

आता रहस्यकथा. खाली ठेववत नाही म्हणालात आणि त्याच वाक्याची लाज वाटली तुम्हाला. चार्ल्स डार्विन यांनी १८३८ ते १८६० अशी बावीस वर्षं वाचनाच्या वह्या ठेवल्या होत्या. वाचायच्या पुस्तकांची यादी वेगळी, वाचलेल्यांची वेगळी. इतका शिस्तीचा वाचक. पण आत्मचरित्रात कादंबऱ्यांबद्दल त्यांनी किती मोकळेपणाने लिहिलंय! घरची माणसं मोठ्याने वाचून दाखवत आणि ते ऐकत. शेवट दुःखी नसला आणि कादंबरी बऱ्यापैकी असली की त्यांना ती आवडायची. दुःखी शेवटाविरुद्ध कायदाच करायला हवा, असं त्यांनी लिहून ठेवलंय, आणि कादंबरीकारांचे वारंवार आभार मानलेत. सजीवसृष्टीकडे बघण्याची जगाची नजर बदलणाऱ्या माणसाला हे सांगताना संकोच वाटला नाही. तुमची रहस्यकथामाला तुम्हाला रात्री जागवते, तर कशाने जागवते ते सांगा. तपास करणारं माणूस कसं आहे? तिसऱ्या पुस्तकात ते पहिल्यापेक्षा थकलंय का? माला वाचण्यातला सगळा जीव त्यातच असतो. खून दरवेळी नवा असतो, माणूस तेच असतं, आणि आपण त्याला म्हातारं होताना बघत असतो.

एवढंच करा की खून कुणी केला ते सांगू नका. २०११ साली सॅन डिएगोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लघुकथांवर एक प्रयोग केला. शेवट आधी कळलेल्या वाचकांनाही कथा आवडल्या, किंबहुना थोड्या जास्तच आवडल्या. पुढच्या अभ्यासांत मात्र निकाल एकसारखे आले नाहीत. माझं मत विचाराल तर, शेवट आधी कळून घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. दुसऱ्याने ते परस्पर ठरवू नये.

मैत्रिणी महिन्याला तीन पुस्तकं संपवतात याचं दडपण तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे, म्हणून जरा हिशेब करू. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१९ साली वाचनाच्या वेगावरच्या १९० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. इंग्रजी वाचणारी प्रौढ माणसं मनातल्या मनात वैचारिक किंवा माहितीपर मजकूर मिनिटाला सरासरी २३८ शब्द वाचतात आणि कथा-कादंबऱ्या २६० शब्द, असं त्यांना आढळलं. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण अंदाजाला पुरतात. पानाला अडीचशे शब्द धरले तर सातशे पानी चरित्राला साधारण सव्वाबारा तास लागतात. रोज तासभर मोकळा मिळणारी बाई ते बारा-तेरा दिवसांत संपवेल. लेकीला झोपवून, आवरून, डोळे मिटण्याआधी वीस मिनिटं मिळणारी बाई तेच पुस्तक सदतीस दिवस वाचत राहील, तेही एकही रात्र न चुकवता. हा सगळा फरक घड्याळाचा आहे. त्याची लाज तुम्ही कशाला बाळगता?

त्याच आढाव्यात आणखी एक आकडा आहे. मोठ्याने वाचण्याचा वेग मिनिटाला १८३ शब्दांवर येतो. म्हणजे लेकीसाठी वाचताना तुम्ही तुमच्या नेहमीच्या वेगाने जाऊच शकत नाही. प्रत्येक शब्द ओठांवरून जावा लागतो, स्वल्पविरामाला थांबावं लागतं, मध्येच ‘म्हणजे काय गं?’ असा प्रश्न येतो. ती म्हातारी तुमच्या मनात एवढी घट्ट बसली याचं एक कारण मला हे वाटतं. या वर्षी तुम्ही सगळ्यात सावकाश वाचलेलं पुस्तक ते असणार. त्याला वाचनात धरायचं नाही, तर मग कशाला धरायचं?

चरित्राच्या साठाव्या पानाबद्दल फार लिहीत नाही. ठेवून द्या. किंवा बैठकीत सांगा की मी साठाव्या पानावर अडकलेय, कुणी पुढे गेलंय का? वाचलेली एखादी म्हणेल, नव्वदपर्यंत कळ काढ, तिथून वेग येतो. नाहीतर म्हणेल, मीही तिथेच सोडलं. दोन्ही उत्तरं तुमच्या उपयोगाची आहेत, आणि संपवल्याचं सोंग घेतलंत तर दोन्ही मिळणार नाहीत.

त्या कादंबरीतलं काही आठवलं नाही, याने तुम्ही फार खजील झालेल्या दिसता. चार वर्षांपूर्वी वाचलेलं बहुतेकांच्या डोक्यातून पुसटच झालेलं असतं. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. काहींनी तो उतारा पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटलं होतं. पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के भाग आठवत होता, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. यावरून मला तुमच्या बैठकीचा एक फायदा दिसतो, जो तुम्ही मोजलेलाच नाही. पुस्तक मिटून, ते समोर नसताना ‘मी काय वाचतेय’ हे दुसऱ्याला सांगणं म्हणजे हेच आठवून काढणं. ज्या पुस्तकाबद्दल आपण कुणाशी चकार शब्द काढत नाही ते लवकर विरतं, हा माझा अनुभव आहे. सांगितलेली पुस्तकं टिकतात. वीस-वीस वर्षांनीही मला पुस्तकातला प्रसंग आठवतो आणि सोबत तो कुणाला, कुठल्या जिन्यात उभं राहून सांगितला होता तेही आठवतं. त्या गाजलेल्या कादंबरीबद्दल तेव्हा तुम्ही कुणाशी बोलला होता का? नसाल, असं मला वाटतं.

राहिली ती थाप. ती मनात ठेवून पुढच्या बैठकीला गेलात तर सगळा वेळ ती पकडली जाईल याच धास्तीत जाईल. मी तुमच्या जागी असते तर त्याच मैत्रिणीला आधी एकटीला गाठलं असतं आणि सांगितलं असतं, ‘तेव्हा मी ते वाचत नव्हते. जे वाचत होते ते सांगायला संकोच वाटला.’ यापुढे काही समजावत बसायची गरज नाही. तिला बहुधा तेव्हाच कळलं होतं, आणि तरी तिने चारचौघींत तुम्हाला उघडं पाडलं नाही. पत्र वाचताना हे माझ्या लक्षात आलं. ती चांगली मैत्रीण आहे.

आता बहीण. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण हे दुखणं माझंही आहे.

एका मैत्रिणीला मी माझं सगळ्यात लाडकं पुस्तक दिलं होतं. देताना म्हटलं होतं, ‘हे वाचच. रडशील बघ.’ वर्षभराने ते परत आलं. ‘छान होतं’ म्हणाली. पुढे कधीतरी मी ते कपाटातून काढलं तर शेहेचाळीसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. मी कधीच कोपरा दुमडत नाही, वाचनखूण घालते. म्हणजे ती तिथेच थांबली होती. पुस्तक दोनशे दहा पानांचं. मला फार लागलं. जिच्यासाठी जीव टाकला तिने पंचेचाळीस पानांवर पुस्तक मिटलं आणि वर खोटं सांगितलं, असंच वाटलं. मग मी ते पान वाचायला घेतलं. त्या पानावर निवेदिकेच्या वडिलांना दवाखान्यात नेतात, आणि ती त्यांच्या चपला हातात घेऊन बाहेरच्या बाकावर बसते. मी हा प्रसंग विसरले होते. त्या वर्षी माझ्या मैत्रिणीचे वडील दवाखान्यात होते. मला ते माहीत होतं. त्या दिवसांत मी तिला भेटायलाही गेले होते. आणि तरीही ‘रडशील बघ’ म्हणत ते पुस्तक तिच्या हातात ठेवताना, सध्या तू काय वाचतेयस, तुला काय वाचवतंय, असं एका शब्दाने विचारलं नव्हतं.

तुमच्या बहिणीचं असंच काही असेल असं मी म्हणत नाही. कदाचित तिला ते पुस्तक नुसतंच नाही भावलं. तेही चालतं. पण आपण आवडतं पुस्तक देतो तेव्हा नकळत त्यासोबत एक अपेक्षाही देतो, की मला वाटलं ते तुलाही वाटलं पाहिजे. घेणाऱ्याला ते जाणवतं. मग न वाचलेलं पुस्तक घरात कर्जासारखं पडून राहतं आणि शेवटी ‘बरं आहे गं’ म्हणून परत येतं. ‘बरं आहे गं’ म्हणणाऱ्या माणसाला पुष्कळदा आपलं मन मोडायचं नसतं. बहिणीला हे पुस्तक तुमच्या काळजाजवळचं आहे हे ठाऊक होतं, म्हणूनच तिने जपून शब्द वापरले असतील.

तेव्हापासून मी पुस्तक द्यायची घाई करत नाही. आधी सांगते. मी वाचतेय त्यातली एक जागा सांगते आणि थांबते. समोरच्याला हवं असेल तर तो विचारतो, आहे का तुझ्याकडे? मग देते. आणि दिल्यावर ‘आवडलं का?’ असं विचारत नाही. त्याला हो किंवा नाही याखेरीज उत्तर नाही, आणि त्यातलं ‘नाही’ म्हणायला माणूस बिचकतं. मी ग्रंथपाल बाईंचा प्रश्न विचारते, ‘कुठवर आलीस?’ सतराव्या पानावर सोडलं, असं उत्तर आलं तरी बोलणं सुरू होतं, कारण सतराव्या पानावर काय आहे ते मलाही पाहावंसं वाटतं.

बहिणीला फोन करा. त्या जुन्या पुस्तकाचा विषय काढू नका. ती काय वाचतेय ते विचारा आणि ऐका. काहीच वाचत नसेल, मोबाइलवर कुणाचे लेख वाचत असेल, प्रवासात कानाला लावून पुस्तक ऐकत असेल, तर तेच ऐका. मग तुमच्याकडची ती खिडकीची गोष्ट सांगा. भाची आहे तिची. तिला ती ऐकायला आवडेलच.

आणि बैठक चुकवू नका. तिसऱ्यांदा नाही गेलात तर चौथ्यांदा जाणं आणखी जड होईल. जाताना लेकीचं पुस्तक पिशवीत टाका. तुमचा नंबर आला की त्याचं कौतुक करू नका, ‘तसं लहान मुलांचंच आहे’ असंही म्हणू नका. म्हातारीचं पान उघडा आणि त्या पाच-सहा ओळी वाचून दाखवा, रात्री वाचता त्याच वेगाने. मग पडद्याचं सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. पुढे काय होईल ते तुम्ही किंवा मी ठरवू शकत नाही, पण कुणीतरी कागद-पेन शोधेल असं माझं मन सांगतंय.

कागद-पेन तर मीही घेऊन बसले आहे. एवढ्या लांब पत्रात तुम्ही म्हातारी सांगितलीत, वारा सांगितलात, कडी सांगितलीत, आणि पुस्तकाचं नाव लिहायचं राहून गेलंय. तेवढं कळवा. आणि कुठवर आलात तेही.

तुमची,
ताई